अठराव्या वर्षानंतरचे घर

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली आणि नागली-वरई कणगीत पडली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबे डोक्यावर गाठोडी घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशीच परततात. जव्हार तालुक्यातील जामसर हे याच मुलखातील गाव. दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत आणि डोंगरउतारावरच्या एका पावसाळी पिकावर वर्ष निभत नाही. कुटुंब बाहेर पडते तेव्हा कामाची वाटणी ठरलेली असते. धडधाकट माणसे भट्टीवर जातात, शाळकरी मुले आश्रमशाळेत राहतात, म्हातारी माणसे घर राखतात. या वाटणीत एकच व्यक्ती कोठे बसत नाही. वयाने वीस वर्षांची झालेली, पण समजुतीने चार-पाच वर्षांच्या बालकाएवढी राहिलेली मुलगी किंवा मुलगा. भट्टीवर न्यावे, तर धगीचा, मालमोटारींचा आणि परक्या माणसांचा धोका. शाळेत ठेवावे, तर वय निघून गेलेले. घरी ठेवावे, तर सत्तरीच्या आजीवर सगळा भार.

जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमधून फिरून जन्मजात दोष व वाढीतील विलंब हेरतात. बौद्धिक दिव्यांगत्वाची सर्व कारणे कोणाच्याच हातात नसतात. डाऊन सिंड्रोम हा श्रीमंताच्या घरीही येतो आणि गरिबाच्याही. परंतु काही कारणे टळण्यासारखी आहेत. अडलेल्या बाळंतिणीला दवाखाना गाठायला उशीर झाला आणि बाळ जन्मतः गुदमरले, की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गरोदरपणी आयोडीन फारच कमी पडले, तरी तेच होते. टाळता येण्याजोग्या मेंदूहानीचे ते जगातील एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दुकानात आयोडीनयुक्त मिठाची पिशवी असतेच. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला सुट्या खड्यांच्या मिठाऐवजी ती पिशवी घ्यायला लावणे, यापेक्षा स्वस्त समाजकार्य किराणा व्यापाऱ्याला सापडणार नाही.

१९९२ साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर कुपोषणाने दगावलेल्या बालकांची मोजणी सुरू झाली आणि ते योग्यच झाले. पण जे बालक दगावत नाही, तर खुरटलेल्या बुद्धीने पुढची पन्नास वर्षे जगते, त्याची बातमी होत नाही. जव्हारमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या प्रगती प्रतिष्ठानने कर्णबधिर मुलांसाठी निवासी शाळा चालवली. त्याच गावात दिव्य विद्यालय ही विशेष मुलांची शाळाही आहे. एका डोंगरी तालुक्याच्या मानाने हे थोडे नव्हे. तथापि शाळा म्हटली की वयाची मर्यादा आली आणि खरा प्रश्न त्या मर्यादेच्या पलीकडे उभा राहतो.

तो प्रश्न जामसरच्या पाड्यावर आणि मुंबईतील पेढीवाल्याच्या सदनिकेत अक्षरशः एकच आहे: आमच्या पश्चात याचे काय?

व्यापारी घरांत हा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही, एवढाच फरक. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत नेले जाते. मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या परिचयपत्रात त्याचे नाव गाळले जाते. दुकानाच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात तो नसतो. यामागे दुष्टपणा क्वचितच असतो, भीती असते. ‘घराण्यात काही आहे’ अशी कुजबुज उठली तर बाकीच्या भावंडांची स्थळे मोडतील, ही ती भीती. वास्तविक बौद्धिक दिव्यांगत्वाची बरीचशी कारणे आनुवंशिक नसतात. प्रसूतीच्या वेळची दुखापत, अर्भकावस्थेतील मेंदूज्वर, दीर्घकाळ राहिलेली कावीळ यांचा घराण्याशी संबंध नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पंधरा लाख व्यक्तींची नोंद या वर्गात झाली. लपवण्याची ही रीत जाणणारा कोणीही सांगेल की प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार.

आतल्या खोलीची ही परंपरा समजून घ्यायची, तर मागे जावे लागते. इंग्रजी अमदानीत अशा व्यक्तींसाठी स्वतंत्र संस्था नव्हती, होती ती वेड्यांची इस्पितळे. मुंबईत कुलाब्याला असे इस्पितळ होते. पुढे १९०१ साली ठाण्याला नौपाड्यात मनोरुग्णालय उभे राहिले आणि त्याला नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव मिळाले. व्यापाऱ्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वास्तूविषयी समाजाला अभिमान वाटावा हे खरे. पण त्या काळच्या कायद्याची दृष्टी पाहिली की मन खिन्न होते. १९१२ च्या भारतीय वेड्यांविषयीच्या कायद्याने ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः मंदबुद्धी असलेल्या माणसाचा समावेश केला होता. ज्याला औषधाने बरे करता येत नाही आणि ज्याला शिक्षणाची गरज आहे, त्याला रुग्ण ठरवून कुलपाआड ठेवण्याची ही सोय. ती कायद्यातून जायला पाऊण शतक लागले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रथमच मतिमंदत्व हा मनोविकार नव्हे, असे व्याख्येत स्पष्ट केले आणि तो कायदा प्रत्यक्ष अमलात आला १९९३ मध्ये.

संपत्तीच्या बाबतीत स्थिती आणखी बोलकी होती. जुन्या हिंदू धर्मशास्त्रानुसार जन्मतः जडबुद्धी असलेल्याला वारशात वाटा नव्हता, फक्त पोटगी होती. १९२८ साली कायदा करून अंध, बधिर, पंगू अशा अनेकांवरील ही बंदी उठवण्यात आली. मात्र जन्मतः वेडा आणि जन्मतः जडबुद्धी हे दोन अपवाद जाणीवपूर्वक तसेच ठेवले गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अखेर सांगितले की रोग, दोष किंवा व्यंग यांच्या कारणाने कोणालाही वारसाहक्कापासून दूर ठेवता येणार नाही. हा कायदा जैनांनाही लागू आहे. म्हणजे आज ज्या घरात ‘त्याला कशाला वाटा? त्याला काय कळते?’ असे सहज म्हटले जाते, ते घर सत्तर वर्षांपूर्वी रद्द झालेला कायदा चालवत असते.

स्वतंत्र संस्थेची सुरुवात मुंबईत झाली. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. न्यायालयामार्फत आलेल्या निराधार मुलांत काही मुले शिकवूनही शिकत नाहीत, सोबत्यांकडून मार खातात, हे तेथे लक्षात आले. १९४१ साली सोसायटीने अशा मुलांसाठी वेगळे गृह काढले. मानखुर्दचे बालगृह म्हणून ते पुढे ओळखले गेले. हे राज्याच्या जबाबदारीचे पहिले पाऊल होते. दुसरे पाऊल एका आईबापांचे होते. होर्मसजी आणि जाई वकील या पारशी दांपत्याची मुलगी दीना डाऊन सिंड्रोम घेऊन जन्माला आली. तिच्यासाठी योग्य शाळा कोठेच मिळेना, तेव्हा त्यांनी १९४४ साली ती स्वतः काढली. शिवडीच्या टेकडीवरील श्रीमती जाई वकील शाळा ती हीच. तिने घडवलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम आज राज्यातील विशेष शाळांमध्ये वापरला जातो. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. ‘कामायनी’ने शाळेला कार्यशाळेची जोड दिली, त्यामुळे मोठ्या झालेल्या मुलांच्या हातांना काम मिळाले. १९८४ मध्ये केंद्र सरकारने सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था काढली आणि प्रशिक्षित शिक्षकांची पिढी तयार होऊ लागली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अनुदानित शाळा निघाल्या. शब्दही बदलत गेले. जडबुद्धी, मतिमंद, मानसिक अपंग, आणि आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बौद्धिक दिव्यांग. शब्द दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलावा लागतो, कारण गल्लीतली पोरे प्रत्येक नव्या शब्दाची शिवी करतात.

युरोप-अमेरिकेचा मार्ग याच्या उलट होता. तेथे एकोणिसाव्या शतकातच सेगँ या फ्रेंच शिक्षकाने मंदबुद्धी मुले शिकू शकतात हे दाखवून दिले. पण त्याच्या शाळांचे पुढे प्रचंड कोंडवाडे झाले. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथे चार हजारांची सोय असताना सहा हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. १९७२ साली दूरचित्रवाणीवर तेथील दृश्ये दिसली, देशाची मान खाली गेली आणि १९८७ मध्ये ती संस्था कायमची बंद झाली. त्यानंतर तिकडे चार-सहा जणांची छोटी घरे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, अशी पद्धत आली. आपल्याकडे विलोब्रुक झाले नाही, याचे श्रेय एकत्र कुटुंबाला दिले जाते. ते अर्धे खरे आहे. काकू, आत्या, आजी यांच्या न मोजलेल्या श्रमावर ती व्यवस्था चालत होती. कुटुंबे लहान झाली, काकू नोकरीला लागली, आजी वृद्धाश्रमात गेली, आणि मग लक्षात आले की आपण संस्था बांधलीच नव्हती.

जी बांधली, तिच्यातही सारे आलबेल नव्हते. १९९४ साली शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय गृहातील काही मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवला, शस्त्रक्रिया थांबल्या. अनेकांना तेव्हा हा व्यवहार्य उपाय वाटला होता, हे नमूद केले पाहिजे. परंतु पाळीच्या वेळी मदत करणारी एक परिचारिका नेमण्याऐवजी मुलीचा अवयव काढणे हा काटकसरीचा कोणता प्रकार, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पुढे २०१० च्या सुमारास, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर तालुक्यातील एका आश्रमात मतिमंद मुलांची उपासमार आणि छळ झाल्याचे उघडकीस आले. जव्हार-मोखाडाही त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीकडे राज्यातील अशा गृहांची पाहणी सोपवली. या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान दिसते. आत राहणारा बोलू शकत नव्हता आणि बाहेरचा कोणी नियमाने आत जात नव्हता.

दात्यांचे येणे-जाणे मात्र असते. वाढदिवस, पुण्यतिथी, पर्युषणातील तपाची पूर्ती अशा निमित्ताने समाजातील कुटुंबे मतिमंद मुलांच्या शाळेत एक वेळचे भोजन देतात, मिठाई वाटतात, छायाचित्र काढून परततात. अनुकंपेचा हा भाव खोटा नाही. पण भोजनाच्या तिथ्या महिनोन्‌महिने आधी भरलेल्या असतात आणि रात्रीच्या पाळीतील परिचारिकेचा पगार थकलेला असतो, असे चित्र अनेक संस्थांत आढळते. ज्याने आयुष्यभर जमा-खर्च लिहिला, त्याला यातली चूक सहज दिसावी. भांडवली खर्चाला आणि मिष्टान्नाला दाता मिळतो, चालू खर्चाला मिळत नाही.

आता अठराव्या वर्षाकडे. हा दिवस सर्वप्रथम उघडा पडतो तो बँकेच्या खिडकीवर. मूल अज्ञान असताना त्याच्या नावे ठेव असते, वडील पालक म्हणून सही करतात, व्यवहार चालतो. मुलाने अठरा पूर्ण केली की वडिलांची सही त्या खात्यापुरती निरुपयोगी होते. कायद्याच्या दृष्टीने खातेदार सज्ञान झालेला असतो आणि त्याला तर सही म्हणजे काय हेही ठाऊक नसते. वडील चिडतात, ‘मी बाप आहे’ असे सांगतात. समोरचा कारकून नियमपुस्तकाकडे बोट दाखवतो. दोघांचेही बरोबर असते. असा प्रसंग शाखाशाखांतून घडत आला आहे आणि त्यावरचा उपाय १९९९ पासून कायद्यात लिहिलेला असूनही बहुतेक पालकांना तो त्या खिडकीपाशीच प्रथम कळतो.

हा उपाय म्हणजे राष्ट्रीय न्यास कायदा. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी या कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. जिल्हाधिकारी हे स्थानिक स्तर समितीचे प्रमुख असतात. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तेथे अर्ज करू शकते. पालकाने नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब. हे प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावे, असे रिझर्व्ह बँकेने कळवलेले आहे. ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षणही मिळते, तेही वैद्यकीय तपासणीशिवाय. सोळा-सतरा वर्षांचे मूल घरात असेल, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी ठेवून अठरावा वाढदिवस होताच अर्ज करावा. ठेव मोडायची वेळ येईपर्यंत थांबू नये.

मृत्युपत्राच्या बाबतीत व्यापारी घरांची एक खास चूक आहे. सर्व मालमत्ता धडधाकट मुलाच्या नावे करायची आणि ‘तू याला सांभाळ’ असे तोंडी सांगायचे. बाजारात शब्दावर लाखोंची उलाढाल करणाऱ्या पिढीला यात गैर वाटत नाही. मात्र तोंडी शब्द देणारा मुलगा उद्या कर्जात बुडाला, त्याचे निधन झाले, किंवा त्याच्या पत्नीशी बेबनाव झाला, तर धाकट्याच्या ताटात काय पडणार? दुसरी चूक म्हणजे नामनिर्देशन हेच वारसपत्र समजणे. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम घेते ती वारसांच्या वतीने. मालकी मृत्युपत्राने किंवा उत्तराधिकार कायद्याने ठरते. यापेक्षा मृत्युपत्रातून खासगी विश्वस्त निधी स्थापन करावा, त्यात एक विश्वस्त नात्यातला आणि एक नात्याबाहेरचा ठेवावा, आणि व्याज त्या मुलाच्याच संगोपनासाठी बांधून टाकावे. ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्याच हाती मुलगा असू नये, हे तत्त्व कोणत्याही लेखापरीक्षकाला पटेल.

कागद झाले, पण घराचे काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर पालकांनी स्वतः शोधले. बदलापूरजवळ मूळगाव येथे ‘आधार’ ही संस्था मतिमंद मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन उभी केली. डोंबिवलीजवळच्या खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ उभे आहे. येथे वयाची मर्यादा नाही; केस पिकलेली ‘मुले’ येथे राहतात. सकाळी आंघोळ, प्रार्थना, मग पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, बागेतले काम असा दिवस जातो. या घरांतील खरी नवलाई म्हणजे पालकांनी आपले मूल सोडून बाकीच्यांच्या मुलांचीही जबाबदारी उचलणे. आज मी तुझ्या मुलाकडे पाहतो, उद्या मी नसेन तेव्हा तू माझ्याकडे पाहा, असा हा न लिहिलेला करार आहे.

ज्यांना पालकच नाहीत त्यांच्यासाठी अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर उभे राहिले. रेल्वे स्थानकांवर, बसथांब्यांवर, कचराकुंडीत टाकून दिलेल्या शंभरावर मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना त्यांनी वाढवले. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर पडायचे, हा नियम त्यांनी या मुलांच्या बाबतीत मानला नाही. बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही आजन्म राहू द्यावे, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे सरकारचे उंबरठे झिजवत आले आहेत. मुलींची लग्ने त्यांनी लावून दिली, टेकडीवर मुलांच्या हातून झाडे लावून घेतली, आणि कागदपत्रांत वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो कायदा अजून व्हायचा आहे.

जैन समाजाला या विषयाकडे पाहण्याची स्वतःची दृष्टी आहे, पण ती पुष्कळदा अर्धीच वापरली जाते. अशा मुलाकडे पाहून ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय’ असे म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. शास्त्र मात्र आवरण म्हणते, अभाव म्हणत नाही. ढगाआड सूर्य असतोच. माषतुष मुनींची कथा व्याख्यानांतून सर्वांनी ऐकलेली असते. रागावू नये आणि हर्षू नये, एवढ्याच अर्थाची ‘मा रुष, मा तुष’ ही शब्दांची जोडी या मुनींना पाठ होईना. ते ‘माषतुष’ असेच घोकत राहिले, लोक हसले, तरी ते घोकत राहिले आणि अखेर त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींची कथा अशीच आहे. व्याख्यानात या कथेतील निष्ठेवर भर दिला जातो. कथेतला दुसरा भाग सहसा निसटतो: वर्षानुवर्षे एक ओळ न येणाऱ्या या साधूला गुरूंनी गच्छाबाहेर काढले नाही. त्याच्या पात्रात गोचरी पडत राहिली. आजच्या भाषेत बोलायचे तर संघाने त्याचा चालू खर्च उचलला.

चालू खर्च कसा उचलावा, हे तर समाजाच्या पूर्वजांना उत्तम कळत होते. १८३४ साली मुंबईत भुलेश्वरला पांजरापोळ निघाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या काळातली ही गोष्ट. त्या पिढीने केवळ जागा घेऊन आणि गोठे बांधून थांबणे नाकारले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर ‘लागा’ बसवून घेतला. कापसाच्या गाठी आल्या, साखर उतरली, की त्यावरची ठराविक रक्कम पांजरापोळीच्या खात्यात जाई. भाकड गाय किती वर्षे जगेल हे कोणी विचारत नव्हते. जेवढी जगेल तेवढी पोसायची आणि त्यासाठी उत्पन्न कायमचे हवे, हा विचार त्यामागे होता. येथे माणसाची जनावराशी तुलना करण्याचा हेतू नाही, तशी तुलना कोणत्याही आईला दुखावेल. तुलना दोन हिशेबांची आहे. मुक्या जिवासाठी मुदत न घालता तरतूद करणारा समाज माणसाच्या लेकरासाठी मात्र अठरा वर्षांचे कलम मुकाट्याने मान्य करतो.

आकडा मांडून पाहू. सात टक्के व्याज धरले, तर पंचवीस लाखांच्या कायम ठेवीवर वर्षाला एक लाख पंचाहत्तर हजार, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांच्या आसपास येतात. तालुक्याच्या गावी एका काळजीवाहक स्त्रीचे हे मानधन होऊ शकते. निवासी घरात एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची असेल, तर मात्र चार माणसे लागतात: तीन पाळ्यांची तीन आणि सुट्ट्या भरून काढणारे चौथे. म्हणजे एका कायम जागेसाठी एक कोटी. महागाईमुळे व्याजातला काही भाग मुदलात परत घालावा लागतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे अधिकच धरावे. रक्कम मोठी वाटते. पण समाजाच्या एखाद्या भवनाच्या सभागृहाला नाव देण्यासाठी याहून मोठ्या बोली लागलेल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. संगमरवरी पाटी लावायचीच असेल, तर ‘रात्रपाळीच्या परिचारिकेचे पद, अमुक परिवाराकडून’ अशी लावता येईल.

आणि प्रत्येक ठिकाणी निवासी घरच हवे असेही नाही. जामसरच्या पाड्यावरील मुलीला बदलापूरला नेऊन ठेवले, तर तिची बोली समजणारे तेथे कोणी नसेल, नागलीची भाकरी नसेल, आईची भेट वर्षातून एकदा होईल. तिला गावातच दिवसाचे केंद्र पुरे. नोव्हेंबरात कुटुंबे भट्टीवर निघाली की ते उघडावे आणि जूनमध्ये ती परतली की बंद करावे. आठ महिन्यांचा प्रश्न आहे. एक खोली, स्वच्छतागृह, पाड्यावरच्याच दोन प्रशिक्षित स्त्रिया, दुपारचे जेवण, आणि महिन्यातून एकदा जव्हारहून येणारा विशेष शिक्षक. दोघींचे आठ महिन्यांचे मानधन वरच्याच दराने धरले, तर सव्वादोन ते अडीच लाख होते, त्यात जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. मुंबई-ठाण्याहून दर हिवाळ्यात ब्लँकेट आणि वह्या घेऊन या तालुक्यांत येणाऱ्या मंडळांना हा आकडा अपरिचित नाही. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अशा मुलीच्या पालकत्वाचा अर्ज पोहोचवण्यासाठी मजुरी बुडवून आईबापांना जावे लागते. केंद्रातील बाई बरोबर गेली, तर कागद एकाच खेपेत पूर्ण होतील. तिकडे पाड्यावर आजीला दिवसाचे सहा तास मोकळे मिळतील. तेवढ्यात विहिरीवरचे पाणी आणि रानातला लाकूडफाटा होतो.